दुसऱ्यांदा विचारलेला प्रश्न

दारूचा थेंबही कधी ओठाला न लावलेल्या त्या बाईंना अर्धं शहर 'दारूवाल्या बाई' म्हणून ओळखत होतं. एकदा भाजीच्या दुकानात कुणीतरी त्यांच्या सासूबाईंनाच विचारलं, "त्या दारूवाल्या बाई तुमच्याकडेच राहतात ना?" सासूबाई निवडलेली भाजी तिथेच टाकून घरी आल्या आणि दोन दिवस सुनेशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलल्या त्या एवढंच, की "चांगली टायपिस्ट होतीस, काय दुर्बुद्धी सुचली?"

दुर्बुद्धी बाईंना सुचली नव्हती, कॉम्प्युटरला सुचली होती. व्यसनमुक्ती केंद्रात बाई टंकलेखनाला लागल्या आणि चारच वर्षांत तिथली टाइपरायटरं अडगळीत गेली. तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत, बाईंच्या खांद्याला एक कापडी पिशवी अडकवली आणि त्यांना रस्त्यावर काढलं. म्हणजे कामासाठी. केंद्रातून बरे होऊन गेलेले लोक पुढे खरंच बरे राहतात की नाही, हे सरांना मोजायचं होतं. माणूस घरी गेला की तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने बाईंनी त्याला गाठायचं आणि विचारायचं: गेल्या नव्वद दिवसांत किती दिवस प्यायलात?

आता दारू पिणाऱ्याला 'किती प्यायलास' हे विचारणं म्हणजे मांजराला दुधाचा पहारा देण्यासारखंच, असं कुणालाही वाटेल. सरांनाही वाटत होतं. म्हणून त्यांनी चारी बाजूंनी कुंपण घातलं होतं. बाईंच्या पिशवीत एक छापील कागद असे, त्यावर नव्वद चौकोन. एकेक दिवसाचा एकेक. माणसाला नुसतं 'आठवा' म्हणायचं नाही, तर त्याच्या आयुष्यातल्या खुणा आधी मांडायच्या. मुलीची परीक्षा कधी होती, पाहुणे कधी येऊन गेले, ताप कधी आला होता. मग त्या खुणांच्या आधाराने मागे मागे जात ज्या दिवशी घेतली तो चौकोन त्याने स्वतः पेन्सिलीने भरायचा. पिशवीत फुंकर मारायचं एक यंत्रही असे. पण ते फक्त त्या दिवसाचं सांगायचं. कालच्याबद्दल ते मुकं. त्यामुळे शेवटी घरातलं एक माणूस लागे. कुणाला विचारायचं हे त्या माणसानेच भरती होताना लिहून दिलेलं असे. केंद्रात त्याला 'घरचा साक्षीदार' म्हणत. साक्षीदाराला वेगळं गाठून तेच विचारायचं, आणि दोघांचे आकडे जुळले नाहीत तर जो आकडा मोठा तो धरायचा.

नियम मोजकेच होते. याचं उत्तर त्याला कळू द्यायचं नाही. चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. आणि प्रश्न एकदाच विचारायचा. उत्तर कितीही खोटं वाटलं तरी लिहायचं आणि उठायचं. कारण दुसऱ्यांदा विचारलं की माणूस आठवायचं सोडून तुमच्या मनात काय आहे ते ओळखायला लागतो.

या कामात बाई तरबेज झाल्या. ताकास तूर लागू द्यायच्या नाहीत. एका गवंड्याने सांगितलं की नव्वदपैकी ब्याण्णव दिवस प्यायलो, तेव्हासुद्धा त्यांनी फक्त मान हलवून विचारलं, "जास्तीचे दोन कुठे लिहू?" त्यांच्या कोऱ्या चेहऱ्याची केंद्रात थट्टा व्हायची. पण आतून बाई कोऱ्या नव्हत्या. त्यांचा धाकटा भाऊ आठ वर्षं त्यांच्या हातावर हात ठेवून "सोडली, ताई" म्हणत राहिला होता आणि आठही वर्षं त्यांनी ते खरं मानलं होतं. तो गेला तेव्हा त्याच्या कपाटातल्या बुटांत बाटल्या सापडल्या, जोडीने, मोजे घातल्यासारख्या. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात; बाई तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागल्या होत्या. पिणाऱ्याचा शब्द आणि घरच्या बाईचा शब्द समोरासमोर आले की त्यांच्या मनात निकाल आधीच लागलेला असायचा. नियम जे म्हणायचा ते त्यांना मनापासून पटायचं.

अशी अकरा वर्षं गेली, आणि मग काचवाला आला.

काचवाला खिडक्यांच्या काचा कापायचा. हातात कला होती, पण हातच स्थिर राहिला नव्हता. इतका थरथरायचा की मालकाने त्याला कापायच्या टेबलापासून उठवून काचा पुसायला बसवलं होतं. भरती करून घेताना बाईंनीच त्याला विचारलं होतं, रोज किती पिता? "सांडते तेवढी सोडून सगळी," तो म्हणाला होता. बाईंचा कोरा चेहरा तेव्हा जरा हलला. साक्षीदार म्हणून त्याने बायकोचं नाव दिलं. "तिला विचारा. ती कधी खोटं बोलत नाही. तिथेच तर आमचं वाजतं."

तीन महिन्यांनी बाई गेल्या तेव्हा बायको माहेरी आजारी आईपाशी गेलेली होती. साक्षीदाराचा रकाना रिकामा राहिला. काचवाल्याने मात्र शून्य सांगितलं. बाईंनी शून्य लिहिलं, मनातल्या मनात 'बघू' म्हणाल्या आणि उठल्या.

सहा महिन्यांची भेट दुकानातच ठरली होती. बाई पोहोचल्या तेव्हा तो टेबलाशी उभा होता. मालकाने टेबल परत दिलं होतं. माणसाच्या छातीएवढी काच त्याने पट्टीखाली धरली, काच कापायची हिरकणी तेलात बुडवली आणि वरपासून खालपर्यंत एक रेघ ओढली. बारीक, एकसारखा आवाज झाला. मग त्याने काचेला खालून दोन टिचक्या मारल्या आणि ती दोन्ही हातांनी हलकेच वाकवली. काच रेघेवर सरळ दुभंगली. हात जराही हलला नव्हता.

"छान जमतंय की," बाई म्हणाल्या. एवढंही खरं तर त्यांनी म्हणायला नको होतं.

"जमतंय," तो म्हणाला. "फक्त एक सांभाळायचं. रेघ एकदाच. नीट उमटली नाही असं वाटलं तरी पुन्हा हिरकणी फिरवायची नाही. काच भलतीकडेच तडकते."

"आमच्या कामाचंही तसंच आहे," बाई हसून म्हणाल्या, आणि दोघं मागच्या खोलीत खोक्यांवर बसले. पाहुणे, मुलीची परीक्षा, मालकाची आई वारली तो दिवस, सगळ्या खुणा मांडून झाल्या. तो पेन्सिल हातात धरून एकेका चौकोनापाशी थांबला, खरोखर आठवत होता तसा, आणि पुढे सरकला. नव्वदच्या नव्वद चौकोन कोरे. यंत्रात फुंकर मारली, तिथेही काही नाही.

तिथून बाई त्याच्या घरी गेल्या. दोन खोल्या, खिडकीला नवी काच. बायको शाळेच्या गणवेशांना काजं करत बसली होती. मांडीवर निळ्या शर्टांचा ढीग. बाईंनी नेहमीचं सांगितलं: तुम्ही जे सांगाल ते त्यांना कधीच कळणार नाही, हे आमचं वचन आहे. मग विचारलं.

बायकोने सुई थांबवली नाही. "घेतात की," ती म्हणाली.

"किती दिवस?"

"असतील. बारा. चौदा धरा."

"कोणते ते आठवतील का? म्हणजे चौकोन भरता येतील."

"कुठलेही भरा, ताई. मी काय मोजत बसलेय?"

बाईंनी चौदा लिहिलं. त्या जिना उतरल्या. एकेका कोऱ्या चौकोनापाशी तो किती साळसूदपणे थांबत होता! तो चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. हाच चेहरा आठ वर्षं त्यांच्या हातावर हात ठेवून बसला होता. खरं तर चोख पुरावा त्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आल्या होत्या. महिन्याला चार-पाच वेळा घेणाऱ्याचा हात काचेवर असा चालत नाही, हे कुठल्याही काचवाल्याने सांगितलं असतं. पण काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी त्यांची गत झाली. त्यांना आठवल्या त्या बुटांतल्या बाटल्या.

बस समोरच उभी होती. बाई चढल्या नाहीत. त्यांनी स्वतःला सांगितलं, त्याने आपल्या तोंडाने कबूल केलं तर केंद्रातून वेळीच मदत मिळेल. अजून फार गेलेलं नाही. हे खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं. मला फसवलंस, माझ्या तोंडावर फसवलंस, हा रागही त्यात होता, आणि तो राग काचवाल्यावरचा नव्हताच. भावाला जे कधी विचारता आलं नाही, ते त्या दुसऱ्याच माणसाला विचारायला निघाल्या होत्या.

दुकानात तो टेबल झाडत होता. बाईंना पाहून म्हणाला, "काय बाई, छत्री विसरलात का?"

"नाही. म्हटलं, पुन्हा एकदा नीट आठवून सांगा. एकही दिवस नाही? एखादा तरी?"

झाडू थांबला.

"घरी जाऊन आलात ना?"

बाईंनी खांद्यावरची पिशवी सावरली.

"काय म्हणाली ती?"

"ते मला सांगता येत नाही."

"सांगितलंत की," तो म्हणाला.

पुढे तो काही तावातावाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. त्याने काचेचा चुरा सुपलीत भरला, डब्यात टाकला, हात झटकले. "शून्यच आहे, बाई," तो हळू आवाजात म्हणाला. "पण तुमचं जे काय ठरलंय ते लिहा." बाई बसमध्ये बसल्या तेव्हा त्यांना पहिल्यांदा शंका आली. पण तोंडातून गेलेला प्रश्न काही परत येत नाही.

तीन आठवड्यांनी काचवाल्याची बायको केंद्रात आली. बाकावर बसली, पाणी नको म्हणाली आणि एकदम विचारलं, "तुम्ही म्हणाला होता ना, त्यांना कळणार नाही?"

बाईंना काय झालं ते तिथेच कळलं. तरीही सगळं ऐकावं लागलं. त्या संध्याकाळी तो घरी आला, हातपाय धुतले आणि बायकोला विचारलं, "तुलासुद्धा वाटतं का, मी पितो?" ती खाली मान घालून काजं करत राहिली. तीन दिवस तो कामावर गेला, वेळेवर परत आला, मुलीचा अभ्यास घेतला. चौथ्या दिवशी आलाच नाही. पाचव्या दिवशी दोघांनी धरून आणला.

"आणि तोपर्यंत?" बाईंनी विचारलं.

"तोपर्यंत एक थेंब नव्हता, ताई."

"मग तुम्ही चौदा का सांगितलेत?" बाईंचा आवाज चढला. ज्यांचा आवाज अकरा वर्षांत कधी चढला नव्हता, त्यांचा.

बायको रडली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "याआधी त्यांनी तीनदा सोडली होती. पहिल्यांदा मी आईला सांगितलं, आता सोडली बरं का. आठवड्यात प्यायले. दुसऱ्यांदा बहिणीला सांगितलं. चार दिवसांत. तिसऱ्यांदा मुलीच्या बाईंना शाळेत सांगितलं, तर घरी जाऊन बघते तो दारातच पडलेले. माझंच तोंड वाईट, ताई. मी 'सोडली' म्हटलं की दृष्टच लागते. मग मी ठरवलं, आता मेले तरी हा शब्द तोंडातून काढायचा नाही. आणि तुम्ही तर लिहून घेणार होतात. वाटलं, कागदावर पितात म्हणून राहू दे, घरात नाही पीत ना, मग झालं."

"मोजत नाही म्हणालात तुम्ही."

"दोनशे चार," ती म्हणाली. "केंद्रात भरती झाले त्या दिवसापासून धरून, तुम्ही आलात त्या दिवशी दोनशे चार झाले होते. रोज सकाळी मनातल्या मनात एक वाढवायचे. त्यांनाही कधी सांगितलं नाही. ते नाव देताना म्हणाले होते ना, ही खोटं बोलत नाही? जन्मात एकदा बोलले."

बाई तिच्याजवळ बाकावर बसून राहिल्या. समजूत घालायला शब्द असतात, पण ते निरपराध माणसाने बोलायचे असतात.

त्याच दुपारी त्या सरांकडे गेल्या आणि काहीएक न लपवता सगळं सांगितलं: नियम मोडला, दुसऱ्यांदा विचारलं, साक्षीदाराचं उत्तर चेहऱ्याने फोडलं. सर भला माणूस. त्यांनी आरडाओरडा केला नाही. झाल्या प्रकाराची लेखी नोंद द्या, आणि त्याला परत उपचाराला बोलवायला मी माणूस पाठवतो, म्हणाले. पाठवलाही. तो आला नाही.

"सर, तो चौदाचा आकडा तरी बदलू या," बाई म्हणाल्या. "शून्य होतं ते. बायको स्वतः सांगतेय."

"आता सांगतेय," सर म्हणाले. "तो पुन्हा प्यायला लागल्यावर, घरात बोलणं झाल्यावर. उद्या प्रत्येकाची बायको येऊन आकडा बदला म्हणाली तर मग आपण काय मोजणार? बाई, आपण माणसावर अविश्वास ठेवत नाही. उत्तरावर ठेवतो."

हे वाक्य बाईंनी अकरा वर्षं दुसऱ्यांना ऐकवलं होतं. त्या दिवशी ते त्यांना स्वतःला ऐकावं लागलं. सरांचं चुकत नव्हतं. नियमाचंही चुकलं नव्हतं. नियम पाळला असता तर कागदावर एक खोटा आकडा पडला असता आणि घरात एक खरा माणूस राहिला असता. आता खोटा आकडा तेवढा राहिला होता.

वर्षाची भेट दुसऱ्या कुणीतरी करावी असं बाईंनी सुचवून पाहिलं. सर म्हणाले, विचारणारं माणूस बदललं की उत्तरं बदलतात. म्हणून बाईच गेल्या.

टेबलाशी आता दुसराच कारागीर होता. काचवाला दाराशी खाली बसून एका चौकटीत पुट्टी भरत होता. मागच्या खोलीत तीच खोकी होती. त्याने पेन्सिल मागून घेतली आणि भराभर चौकोन भरायला सुरुवात केली. रेघा चौकोनाबाहेर जात होत्या. खुणा मांडायचीही गरज पडली नाही. "त्रेपन्न," तो म्हणाला. बाईंनी मोजले. त्रेपन्नच होते.

घरी बायको काजं करत होती. खिडकीच्या काचेला खाली तडा होता, त्यावर कागद चिकटवलेला. बाईंनी वचनाचं वाक्य उच्चारलं नाही; नियमाने उच्चारायला हवं होतं. नुसतं विचारलं. बायकोने वर पाहिलं आणि म्हणाली, "त्रेपन्न. आता मोजायची चोरी कुणाची?"

दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले तर आकडा आकड्याला जुळत होता. वर्षभराच्या तीन भेटींत या घराचा हा एकच जुळलेला आकडा. सर खूश होणार होते.

बाई बसकडे गेल्या नाहीत. त्या पुन्हा दुकानात गेल्या. काचवाल्याने मान वर केली.

"पुन्हा विचारायला आलात?"

"नाही. सांगायला आले." बाई त्याच्यासमोर पायरीवर बसल्या. त्यांचा कोरा चेहरा त्यांना आज जमत नव्हता. "ते सहा महिने तुम्ही एक थेंबही घेतला नव्हता. मला कळलंय. त्या दिवशी मी परत यायला नको होतं. माझी चूक झाली."

त्याने पुट्टीचा गोळा दोन बोटांत धरला होता आणि ती बोटं थरथरत होती.

"कागदावर आलं ते?"

"नाही."

"येईल?"

"येणार नाही."

"मग मला कशाला सांगता, बाई?" तो म्हणाला. "मला तर माहीतच होतं."

आणि त्याने पुट्टी चौकटीच्या कडेला लावली, अंगठ्याने दाबली, ती वाकडी गेली तेव्हा खरवडून काढली आणि पुन्हा लावायला घेतली.